पाठीराख्याचा कायदा

एका जंगलात, मुलांनो, वाघ नव्हता. पूर्वी होता. मग एका उन्हाळ्यात तो आपल्या पायांनी शेजारच्या जंगलात निघून गेला, आणि त्याला आपणच हाकललं असं तिघांनी जाहीर केलं. एक हत्ती भीमाप्पा, दुसरा कोल्हा दौलतराव आणि तिसरा कासव धिमाजी. बाकीचे अजून बिळात लपलेले असल्यामुळे राज्यही या तिघांनीच स्थापन केलं.

त्यांनी कायदा एकच केला. पाणवठ्यावर एकट्याने पाणी प्यायचं नाही. एकाने प्यायचं, दुसऱ्या जातीच्या कुणीतरी त्याच्या मागे उभं राहायचं, मग अदलाबदल. मागे उभा राहील तो पाठीराखा. ससा पिऊ लागला की गवा पाठीराखा, गवा पिऊ लागला की ससा.

पुढे भीमाप्पा गेला, दौलतराव गेला. पाणवठ्यावर त्यांचे दगडी पुतळे उभे राहिले. पुतळ्यांच्या पूजेला बगळेबुवा नेमले गेले, म्हणजे तेच येऊन बसले. धिमाजी मात्र काही मरेना. कासवांचं ते तसंच असतं.

मग राज्य रणधीर लांडग्याकडे आलं. त्या वर्षी उन्हाळा कडक पडला, पाणी आटत चाललं. आपण पोट फुटेस्तोवर पितो तेव्हा मागून कुणीतरी बघत असतं, हे रणधीरला खुपू लागलं. त्याने सांगायला सुरुवात केली की हे तिघे कसले महापुरुष, खुर्चीला हपापलेले पुढारी होते नुसते. त्यांच्याबरोबर त्यांचा कायदाही जाऊ द्या.

बगळेबुवा खवळले. तिघेही द्रष्टे होते, म्हणाले. वाघ कधीतरी परत येणार हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं, म्हणून तर पाठीराखा ठेवला.

जंगलात दोन तट पडले. सोयरिकी मोडल्या. शेवटी असं ठरलं की भर सभेत धिमाजीलाच विचारायचं. तो 'द्रष्टे' म्हणाला तर कायदा राहील, 'पुढारी' म्हणाला तर जाईल.

धिमाजीला स्वतःचं हित चांगलं कळत होतं. पाठीराखा गेला की लांडगे डोह कोरडा करणार, आणि त्याचं घर त्या डोहातच. बगळेबुवा त्याला आधी येऊन पढवूनही गेले. आम्हा तिघांच्या स्वप्नात वनदेवी आली, तिनेच कायदा सांगितला, एवढंच म्हणायचं. धिमाजी बरं म्हणाला.

सभा भरली. बगळेबुवांनी प्रास्ताविक लांबवलं. कायदा झाला त्या दिवशी भीमाप्पांचा जंगलासाठी कडकडीत उपास होता आणि दौलतरावांचं मौन होतं, असं ते सांगू लागले.

दौलतरावाचं मौन? धिमाजीने मान वर करून पुतळ्याकडे पाहिलं. पाथरवटाने त्या तोंडावरची सगळी लबाडी तासून काढली होती, आणि लबाडी काढल्यावर दौलतराव उरतो किती? धिमाजीला आपल्या दोस्ताची फार आठवण आली. वनदेवी राहिली बाजूलाच.

"कसला उपास," तो म्हणाला. "भीमाप्पाने त्या दिवशी आम्हा दोघांच्या वाटणीचा ऊस खाल्ला होता. मग हा सगळं पाणीही पिऊन टाकेल म्हणून दौलतराव त्याला डोहाकडे जाऊ देईना. दौलतराव मागून काहीतरी डाव करेल म्हणून भीमाप्पा मान खाली घालीना. आणि दोघं मला तुडवतील म्हणून मी काठावर येईना. तहानेने मरायची पाळी आली तेव्हा हा कायदा सुचला. पाठीराखा वाघासाठी नव्हता रे बाबांनो, एकमेकांसाठी होता. आम्ही तिघंही लबाड, आणि तिघांनाही ते ठाऊक होतं."

रणधीरला आयतंच फावलं. लबाडांचा कायदा लबाडांना, म्हणाला. आपण सगळे प्रामाणिक, आपल्याला पाठीराखा कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. न डोलावणारा लबाड ठरला असता ना.

कायदा गेला. मग संस्थापकांची बदनामी केल्याबद्दल धिमाजीला हद्दपार करावं, असा ठराव बगळेबुवांनी मांडला. अनुमोदन रणधीरने दिलं. दोन्ही तटांचं एकमत झालं ते या एवढ्या एका गोष्टीवर.

धिमाजी तडक निघाला. पण कासवाचं तडक ते केवढं? दिवस कलला तरी तो काठावरच्या जांभळीपर्यंतच पोचला होता. तेवढ्यात रणधीर पाण्यावर आला. एकटाच, शेपटी उंच करून. त्याने पाण्यात तोंड घातलं आणि धिमाजीने जुन्या सवयीने त्याच्या मागे नजर टाकली. करवंदीच्या जाळीत काहीतरी पिवळं हललं.

"रणधीर, मागे बघ," धिमाजी ओरडला.

रणधीरने तोंड वर काढलं, पण बघितलं धिमाजीकडेच.

"अजून माझ्यावर पहारा का रे, थेरड्या?"

ते त्याचं शेवटचं भाषण. धिमाजीने डोकं आत ओढलं आणि पुढचं नुसतं ऐकलं.

सकाळी कायदा परत आला, एकमताने. हद्दपारीचा अपमान गिळूनही धिमाजी जंगलासाठी काठावर पहारा देत राहिले, त्यांना सगळं आधीच दिसलं होतं, असं बगळेबुवांनी डोळे मिटून सांगितलं. धिमाजीचाही पुतळा करायचं ठरलं. तो बिचारा प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "अहो, मी फक्त सावकाश चालतो."

हे वाक्य आता त्याच्या पुतळ्याखाली कोरलं आहे. परीक्षेत त्याचं रसग्रहण करायला सांगतात.

तात्पर्य : राज्य साधूंनी स्थापू नये. ते एकमेकांवर विश्वास ठेवतात.