पियानो लावणाऱ्याची खोड

"बाबा, पंक रॉकमध्ये सूरबीर कोणी बघत नाही. तोरा लागतो, तोरा!" एवढं सुनावून लेक अंघोळीला गेली आणि बैठकीत बाप आणि तिची गिटार असे दोघेच उरले.

बाप पियानो लावणारा. तीस वर्षं घरोघरी जाऊन बेसूर पियानो ताळ्यावर आणलेले. याच वादापायी लेकीने चार दिवस अबोला धरला होता. तो आज सकाळीच सुटला होता आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला तिने स्वतःहून बोलावलं होतं. ते बिनसू नये म्हणून बाप हूं की चूं न करता बसला.

त्याने सहज एक तार छेडली. बेसूर! दुसरी तर तिच्याहून वरचढ. खोड ती खोडच. दहा मिनिटांत त्याने सहाही तारा सुतासारख्या सरळ केल्या, गिटार गुपचूप खोळीत घातली आणि स्वतःची पाठही थोपटून घेतली.

संध्याकाळी हॉलमध्ये लेकीच्या बँडमधली ड्रमवाली भेटली. "काका, हिच्या तारा बघितल्यात? मुद्दाम स्वतःच्या मनाने उलटसुलट लावल्यात. गाणंच त्यावर बांधलंय. आम्हाला हातसुद्धा लावू देत नाही!"

बापाच्या पायाखालची जमीन सरकली. तो उठेपर्यंत लेक मंचावर पोचली होती, आणि लोकांसमोर तारा तपासत बसणं तिच्या तोऱ्यात बसत नव्हतं.

पहिला हात पडला आणि डब्यांची उतरंड कोसळावी तसा आवाज आला. दुसरा त्याहून वाईट. लेकीचं डोकं फिरलं. तिने स्पीकरला लाथ घातली आणि गिटार बडवत गाणं अक्षरशः किंचाळून काढलं. पोरांनी हॉल डोक्यावर घेतला. "वन्स मोअर!"

नंतर मागच्या खोलीत ती डोळे पुसत बसली होती. "बाबा, शप्पथ, बोटं बरोबर पडत होती. मग असं कसं वाजलं? मला येतच नाही का?"

बापाला राहवेना. "बोटं बरोबरच होती. तारा मी लावल्या. सकाळी."

 आता जन्माचा अबोला, असं बापाने गृहीत धरलं.

"हुश्श! म्हणजे मी नाही चुकले!" ती म्हणाली, आणि लगेच भडकली. "पण तीन महिने घासलं होतं ते गाणं! एकेक सूर निवडून!"

बापाचा जीव भांड्यात पडला. ओरडत होती, म्हणजे बोलत होती.

"अगं, सुराचं काय घेऊन बसलीस?" तो घाईघाईने म्हणाला. "तोरा बघितलास का तुझा? तोरा!"