इंजिन आलं, धान गेलं

कामठ्याच्या पाच जणांनी १९३४ साली धान भरडायची कंपनी काढली. रोकड कोणाकडेच नव्हती, म्हणून प्रत्येकाने घरचं वर्षाचं धान भांडवल म्हणून दिलं. मुख्य भागीदार दुलीचंद. त्याने ते ऐन सुगीत, भाव पडलेला असताना, गोंदियात विकलं आणि तेलावर चालणारं इंजिन आणलं. लहान इंजिन निम्म्यात मिळत होतं, पण मग शेजारच्या दवनीवाड्याचे लोक हसले असते. उरलेल्या पैशांत टिनाचं गोदाम झालं.

मुहूर्ताला नारळ फुटला, इंजिन धडधडलं.

"आता धान टाका जी," मिस्त्री म्हणाला.

पाचही भागीदारांनी गोदामात डोकावून पाहिलं.

"धान कुठं हाय?" त्यांच्यातल्या चैतरामने विचारलं.

"तुह्या समोर धडधडून राहिलं ना!" दुलीचंद म्हणाला.

"मंग घरी पोराइले काय इंजन चारू?"

"दुसऱ्याचं धान भरडून द्या, भरडाई घ्या," मिस्त्रीने सुचवलं.

"कंपनी हाय हे. चक्की नाई!" दुलीचंद उसळला.

दुलीचंद गोंदियाला बँकेत गेला. बाबू म्हणाला, "चलती मिल पे कर्जा मिलेगा."

"धान आलं का चालते साहेब."

"तो धान लाओ."

"त्याच्यासाठीच तं कर्ज मांगून राहिलो!"

बाबूने पुढच्या माणसाला बोलावलं. सावकार मात्र लगेच धान द्यायला तयार झाला. तारण म्हणून फक्त इंजिन आपल्या घरी नेऊन ठेवणार होता.

शेवटी आली अनुसयाबाई. ती पायाने दाबायच्या लाकडी ढेकीवर धान कांडून रोज तांदूळ विकायची आणि आलेल्या पैशांचं रोज धान घ्यायची. दुसरं काही घ्यावं हे तिला सुचलंच नव्हतं, इतकी ती अडाणी.

"गोदाम रिकामं काऊन ठेवता जी? मले भाड्यानं द्या. भाडं धानात देईन."

इंजिन कोपऱ्यात सरकलं. सहा ढेक्या बसल्या. पाचही घरी चूल पेटली.

वर्षाच्या सभेत दुलीचंदने नफा सांगितला. घरोघरी खाऊन भाड्याचं दहा खंडी धान उरलं होतं.

"मंग भरडा ना!" चैतराम उठून म्हणाला. "इंजन हाय, धानही हाय!"

"बस खाली. एका इंजनावर कंपनी चालत नाई, हे आपण वर्षभर पाह्यलं. धान विकून दुसरं घेऊ."

चार हात वर गेले. जरा वेळाने चैतरामचाही गेला.

दारातून अनुसयाबाई म्हणाली, "घ्या ना भाऊ. पण त्याचं गोदाम मोठं बांधा. मले जागा कमी पडून राहिली."