धर्माशेठचा फोटो

धर्माशेठ म्हात्रे यांचा फोटो परवा-परवापर्यंत उपलब्ध नव्हता. आधार कार्डावर एक आहे, पण तो त्यांना मान्य नाही. "त्यो मी नाय. कलिंगड हाय," असं ते म्हणतात.

धर्माशेठ आमचे घरमालक. तुर्भे गावातल्या त्यांच्या इमारतीत आम्ही भाड्याने राहतो. तळमजल्यावर ते आणि सुलोचनावहिनी. आवाज मोठा, हात सढळ, देह त्याहून सढळ. साखरपुडा असो की सत्यनारायण, लोक फोटोसाठी उभे राहू लागले की शेठ फोन हिसकावून घेतात. "आना इकरं, मी काढतो. तुमी हसा." काढतातही उत्तम. कुणाचं डोकं कापलं जात नाही. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मात्र वधूपित्याचा हात तेवढा दिसतो, अक्षता टाकताना.

दुसरं वेड गॅसचं. जेवल्यावर उजव्या बरगडीखाली कळ आली की "गॅस हाय" म्हणून ते लिंबू सोडा मागवायचे. ढेकर आली की कळ गेली, असं जाहीर करायचे. ती गेलेली नसायची.

गुडघे आणि साखर दोन्ही हाताबाहेर गेल्यावर ते वजन कमी करायच्या ऑपरेशनला तयार झाले. वाशीच्या डॉक्टरांनी सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाले, "आधी छातीचा फोटो काढू, मग पोटाची सोनोग्राफी."

शेठ उठूनच उभे राहिले. "फोटो नाय. रगत घ्या, पायजे तेवढं. मना छातीत काय होत नाय, मंग फोटो कनाला?"

"काही होत नाही ना, हे बघायलाच. त्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही."

ऑपरेशन तिथंच अडलं. शेवटी वहिनींनी जिन्यात, भाडेकरूंच्या देखत विषय काढला. "बोअर मारताना नारळवाला आनलात. आख्ख्या अंगनात फिरवलात त्याला, पानी कुठं हाय बघाला. आनी पोटाला भोकं पाडताना काय बघाचं नाय?"

भाडेकरू हसले. शेठ हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी रिक्षा बोलावली. मी सोबत गेलो.

एक्स-रेच्या खोलीतून त्यांचा आवाज बाहेर येत होता. "खांदे कापू नका हां. हसाचं का?"

"नको काका. नुसता श्वास धरा."

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे सापडले. इतक्या वर्षांचा गॅस तो हाच. डॉक्टर म्हणाले, "हे न बघता वजनाचं ऑपरेशन केलं असतं, तर बारीक होता होता तुम्ही पोट धरून परत आला असता. आता दोन्ही कामं एकाच वेळी करू."

शेठ पडद्यावरचे ठिपके निरखत राहिले. मग जाणकारासारखी मान हलवली. "फोटो क्लिअर आलाय."

ऑपरेशन नीट झालं. शेठ आता वाटीभर पेजेवर खूश आहेत आणि सोडा बंद आहे. पण सांगायची गोष्ट ॲडमिट व्हायच्या सकाळची.

बॅग रिक्षात ठेवून झाली होती. शेठनी खिशातून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. "आज तुमी काढा. आमचा दोघांचा. एक तरी असूंदे हिच्याकरं."

"सकाली सकाली काय पन बोलता!" वहिनी म्हणाल्या. पण पदर सावरून शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

शेठ फाटकाला टेकून ताठ झाले. "शालेत वर्गाचा फोटो होता," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "फोटोवाला बोलला, ह्यो उभा रायला तर मागची दोन पोरं झाकतात. गुरुजींनी बाजूला काढला मना. तवापासून मी फोटोवाल्याच्याच बाजूला."

मी थोडा मागे सरकलो आणि फोटो काढला.

"मावलो का?" त्यांनी विचारलं.

फोन अजून माझ्याच हातात होता. वहिनींनी तो न बघताच उत्तर दिलं, "मावलात."