गिटार संपेपर्यंत थांबा

पाणीपुरवठा कार्यालयाचे साहेब टेबलावर उभे राहून लाकडी फूटपट्टीची गिटार वाजवताना सापडले. पण असं काही घडलेलंच नाही, असं कार्यालयाचं अधिकृत म्हणणं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

घडलं ते इतकंच. तक्रारीच्या फोनवर लोकांना ताटकळत ठेवताना वाजणारी टिंगटाँग बिघडली. साहेब नव्या कारकुनाला म्हणाले, "घाल रे कुठलंही गाणं." कारकुनाची नोकरी अजून कायम व्हायची होती, कागद साहेबांच्या सहीसाठी पडून होता. त्यानं जीव ओतून आपलं सगळ्यात लाडकं गाणं घातलं. पन्नास वर्षांपूर्वीचं, सात मिनिटांचं, अस्सल रॉक.

आठवड्यात तक्रारी निम्म्यावर आल्या. साहेब खूश. मग फोनवरच्या ताईंनी बिंग फोडलं.

"लोक तक्रारच करत नाहीत हो! मी फोन उचलला की म्हणतात, 'आत्ता कुठे गिटार सुरू झालीय, ठेवा खाली!' काल एक आजोबा तर खेकसलेच माझ्यावर."

त्यामुळे गुरुवारी मोठा पाइप फुटला, तेव्हा कार्यालयाला कुणी कळवलंच नाही. पाणी उताराला लागलं आणि उताराच्या टोकाला साहेबांचं घर होतं. ही बातमी साहेबांना शेजाऱ्याकडून कळली.

त्यांनी सहीचा कागद फाडायच्या बेतात धरला. "घरात घोट्यापर्यंत पाणी! बायको सकाळपासून इथे फोन लावतेय म्हणे! जगातली सगळी गाणी सोडून हेच कसं सुचलं तुला?"

नोकरी गेलीच आहे तर निदान खरं बोलून जावं, असं कारकुनानं ठरवलं.

"साहेब, हे गाणं आधी अर्जासारखं चालतं. हळू आवाजात, मान खाली घालून. दुसऱ्या कडव्यात स्मरणपत्र. तिसऱ्यात पुन्हा स्मरणपत्र. कुणी दाद देत नाही. मग चौथ्या मिनिटाला ते अर्ज करणंच सोडून देतं. गिटार चिठ्ठी न पाठवता थेट आत घुसते! रॉक म्हणजे एवढंच, साहेब. बाकी नुसते लांब केस."

साहेबांनी बावीस वर्षं बढतीसाठी अर्ज केले होते. ते म्हणाले, "लाव."

चौथ्या मिनिटाला फूटपट्टी त्यांच्या हातात कशी आली, ते कुणी पाहिलं नाही. तेवढ्यात ओल्या चपला हातात घेऊन त्यांची बायको दारात उभी राहिली.

"अहो, तुमचे बूट तरंगतायत घरात!"

"थांब गं! एवढी गिटार संपू दे!"

बाई मुकाट्यानं थांबल्या. सकाळपासून चार वेळा फोन लावूनही त्यांना शेवट ऐकायला मिळाला नव्हता. ताई दर वेळी मधेच फोन उचलत होत्या आणि बाई तक्रार न करता रागानं फोन ठेवून देत होत्या.

संध्याकाळी कागदावर सही झाली. "हे पाहिलेला माणूस बाहेर सोडण्यापेक्षा कायम केलेला बरा," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं:

"सर्व लहानमोठ्या पाइपांना कळविण्यात येते की, कार्यालयीन वेळेत फुटणे अपरिहार्य असल्यास त्यांनी गिटार संपल्यावरच फुटावे व तसा अनुपालन अहवाल तीन दिवसांत स्वतः सादर करावा, ही विनंती."