काचेमागचे चिरंजीव

"दुपारच्या सुट्टीत मी खाली चौकात येऊन उभी राहीन. तू खिडकीतून नुसता हात हलव. तू कुठे बसतोस ते कळलं की माझा जीव भांड्यात पडेल," आईने सकाळीच बजावले होते.

चिरंजीवांचा नोकरीचा पहिला दिवस. चपला झिजवून मिळालेली नोकरी, तीही 'महिनाभर बघू, मग ठरवू' या बोलीवर. ऑफिसचा टॉवर म्हणजे नखशिखांत काच. एकही खिडकी उघडत नव्हती. आत दिलेली शिंकसुद्धा आतच राहायची.

सुट्टी झाली. खाली आई दिसताच तो जीव खाऊन हात हलवू लागला. पण बाहेरून काचेत दिसत होते फक्त ढग आणि समोरचा टॉवर. आईने एक हात हलवला, मग दोन्ही, मग हातातली पिशवी. शेवटी ती बोट वर करून एकेक मजला मोजू लागली.

"अगंबाई, ती बाई वर काय दाखवतेय?" शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनीस बाई किंचाळल्या. "वर आग लागली की काय?"

"अहो नाही, ती माझी..." तेवढ्यात कुणीतरी धोक्याची घंटा दाबलीच.

अख्खा टॉवर जिन्याने खाली उतरला. पहारेकऱ्यांनी आईला घेरले. घामाघूम झालेले साहेब ओरडले, "कोण आहे ही बाई?"

तो गप्प बसला असता तर निभावले असते. पण आई एकटी उभी होती, ते त्याला बघवेना.

"माझी आई आहे, साहेब," नोकरी गेली असे धरूनच तो म्हणाला.

आईचा चेहरा उजळला, मग जरा ओशाळला. "अरे वेड्या, नुसता हात हलवायचा होता! सगळ्यांना घेऊन कशाला आलास?"

हिशेबनीस बाई फिसकन हसल्या. साहेबांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमेना. "पण तुम्ही हात हलवत होतात तरी कुठल्या खिडकीकडे?"

"सगळ्याच! याची कुठली, मला काय ठाऊक?"

साहेबांनी वर पाहिले. इतकी वर्षे झाली, पण त्यांनाही आपली खिडकी सापडेना.

"चला वर, दाखवतो याची जागा," ते म्हणाले. "याला ठेवून घ्यायचं तर तेवढं करायलाच हवं. नाहीतर रोज जिने उतरावे लागतील."

आई लगबगीने निघाली आणि दारात थांबली. "साहेब, तुमची खिडकी कुठली, ते घरी ठाऊक आहे का?"

साहेबांनी हळूच घरी फोन लावला.

"अगं, उद्या दुपारी जरा चौकात येऊन उभी राहशील?"