सात नंबरचा पाहुणचार

सशांबद्दल मला कुणी काही शिकवू नये! आमच्या काळ्या दगडांच्या माळावरचे बारा ससे मी चार महिने नकाशावर टिपले आहेत. आमचा ससा बिळात राहत नाही, झुडपाखाली खळगा करून बसतो. उठवला की पळतो, मोठं वर्तुळ घेतो आणि फिरून त्याच झुडपाशी येतो. म्हणून सात नंबरच्या गळ्यातला पट्टा काढायचा माझा बेत अगदी सोपा होता. झुडपाशी जाळं लावायचं आणि स्वस्थ बसायचं!

हा पट्टा सशाचा ठावठिकाणा थेट राजधानी अम्मानला, विद्यापीठातल्या हैथम सरांच्या संगणकावर धाडतो. अकरा पट्टे मी परत केले होते. बारावा गुरुवारी दुपारपर्यंत पोचला नाही, तर माझी नोकरी कायम होणार नव्हती. आणि आज बुधवार!

ससा उठवायला चुलतभाऊ सत्ताम आला. "नूफ, एवढं शिकलीस आणि शेवटी सशामागेच पळणार?"

"मी नाही पळणार. तोच येईल माझ्याकडे."

आणि खरंच आला! सत्तामनं टाळी वाजवली, सात नंबर गोफणीतल्या दगडासारखा सुटला. वर्तुळ तर इतकं सुबक की कंपासनं लाजावं! पण जाळ्यापासून दहा पावलांवर त्यानं मला पाहिलं, कान मागे टाकले, आणि थेट मतलक आजोबांच्या तंबूत शिरला. आजोबांनी तंबू परवाच तिथे हलवला होता. माझ्या नकाशात तो नव्हता.

मतलक आजोबा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले भाऊ. वय ऐंशी, आवाज पंचविशीतला. हातात कॉफीची किटली घेऊन ते दारात उभे राहिले.

"खबरदार! तो माझ्या आसऱ्याला आलाय."

"आजोबा, तो ससा आहे!"

"दिसतंय मला. वैरी मागे लागला म्हणून जो माझ्या तंबूत शिरला, तो माझा पाहुणा. पुरे तीन दिवस!"

"मी त्याला मारत नाहीये. फक्त गळ्यातला पट्टा काढून घेते."

आजोबांच्या भुवया डोक्याच्या रुमालात शिरल्या. "पाहुण्याच्या गळ्यातला ऐवज? माझ्या घरात? सत्ताम, ऐकलंस? शहरात हेच शिकवतात हिला!"

"पट्टा माझा आहे!"

"तुझं नाव आहे त्यावर?"

"विद्यापीठाचं आहे."

"म्हणजे तुझाही नाही. एकाचा माल दुसऱ्याकडून उचलतेस!"

अशी तासभर हुज्जत चालली, तोच सरांचा फोन. "सात नंबर तासभर हललेला नाही. मेला का?"

"नाही सर. पाहुणचार घेतोय."

सर म्हणाले, "उद्या दुपारी बारा."

"मागायचंच तर रीतीनं माग," सत्ताम म्हणाला. "वडीलधारी मंडळी घेऊन ये."

संध्याकाळच्या आत मी दोन गाड्या भरून सात म्हातारे आणले. निम्म्यांना वाटलं सत्तामची सोयरीक आहे, म्हणून ते अत्तर लावून आले. अबू शिबली त्यांचे म्होरके. त्यांनी कॉफीचा पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. शब्द मिळेपर्यंत पिणार नाही, अशी आमची रीत.

"मतलक, कॉफी थंड होतेय. मुलीला पट्टा दे."

"पाहुणा गाद्यांमागे झोपलाय."

मग वाद सुरू झाला. एक म्हणाला, चार महिने वापरला म्हणजे पट्टा सशाचाच. दुसऱ्यानं विचारलं, ससा कुठल्या टोळीचा? तिसऱ्याला अजून नवरी कोण ते कळायचं होतं! शेवटी आजोबा द्रवले. "बरं. पाहुणा देईल तर घेऊन जा. प्या आता."

सगळ्यांनी पेले रिकामे केले. मामला मिटला!

मी गाद्या उचलल्या. मागे तंबूच्या कापडाला फट, आणि ससा पसार! पण पट्टा गादीच्या दोरीत अडकून राहिला होता. मी झेप घेतली. आजोबांचा हात आधी पोचला.

"पाहा रे! काय खानदानी पाहुणा! जाताना यजमानाला भेट ठेवून गेला!"

"आजोबा, पट्टा अडकून निघालाय!"

"पाहुण्यानं दिलेली भेट देऊन टाकू? त्याला काय वाटेल?"

सातही माना डोलल्या. मी काकुळतीनं अबू शिबलींकडे पाहिलं. त्यांनी रिकामा पेला उलटा करून दाखवला. "पोरी, कॉफी पिऊन झाली."

गुरुवारी बाराला फोन वाजला. राजीनाम्याचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं.

"नूफ!" सर आनंदानं ओरडत होते. "पट्टा आणू नकोस! सात नंबर आज सहा किलोमीटर चालत विहिरीवर गेला! सावकाश! मध्ये बसत बसत! असा ससा मी जन्मात पाहिला नाही. तुझी नोकरी पक्की समज!"

माणसाला मोह होतोच हो! पण विज्ञान शिकलेय ना.

"सर," मी म्हणाले, "पट्टा आता आजोबांच्या लाडक्या शेळीच्या गळ्यात आहे."

"बरं," सर म्हणाले. "मग शेळीची नोकरी पक्की. तुझं पाहू."