दातांनी मोजलेला उजेड

भोईरमामा उजेड दातांनी मोजत. पहिल्या दिवशी हे मला कळलं नाही, दुसऱ्या दिवशी कळलं तरी पटलं नाही, आणि पटलं तोवर माझं डोकं पार कामातून गेलं होतं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी ट्रेनिंगसाठी उल्हासनगरहून अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या दिवे बनवायच्या शेडमध्ये जायचो. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बारवी धरणाकडच्या, वीज न पोचलेल्या वाड्यांतल्या लोकांना परवडेल असा सौरदिवा करायचा, एवढंच काम. उजेड जास्त हवा तर छपरावरचं पॅनेल मोठं, आणि पॅनेल मोठं तर दिवा महाग. तेव्हा कमीत कमी किती उजेड पुरतो, हे आधी ठरवायला हवं. मी कॉलेजातून उजेड मोजायचं मीटर आणलं. मामांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि भाताच्या पातेल्याचं झाकण हलू नये म्हणून त्यावर ठेवून दिलं.

"बाई मजुरीवरून अंधारात घरी येते. आल्यावर पयलं काय करते? तांदूळ निवडते. तुझ्या मीटरला खडा दिसतो काय?"

मग परीक्षा अशी ठरली: गोणपाटं लावून काळोख केलेल्या कोठीत मी आमच्या दिव्याखाली रेशनचा तांदूळ निवडायचा. दुपारी मामा तोच शिजवणार आणि आम्ही दोघं जेवणार. मामांच्या दाताखाली खडा आला की दिवा नापास. मी म्हटलं, "खडे मोजून मिसळू, मग किती सापडले ते बघू." तर म्हणाले, "रेशनवाला मोजून टाकतो काय? दात खोटं बोलत नाय."

रोज कट्ट असा आवाज यायचा. मामा खडा काढून ताटाच्या कडेला ठेवत, "नापास" म्हणत आणि खुशीत आणखी भात वाढून घेत. मी दिव्याची ट्यूब खाली आणली, तिच्यामागचा पत्रा वाकवला, घासून चकचकीत केला. पुन्हा कट्ट. माझ्या ताटात मात्र कधीच खडा नसायचा. असं का, याचा मला काही केल्या उलगडा होईना.

महिनाअखेर सर्टिफिकेटवर त्यांची सही झाली नसती तर माझं वर्ष बुडालं असतं. शेवटी मी लबाडी केली. तांदूळ शेडमागे उन्हात नेला आणि एकेक दाणा बघून निवडला. तरीही कट्ट.

आता विचारणार कुणाला? खडा आला कुठून म्हणावं, तर मी उन्हात का गेलो ते सांगावं लागणार. चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी मान खाली घालून जेवता जेवता मी तिरक्या नजरेनं बघत राहिलो. मामांनी खिशात दोन बोटं घातली, घासाबरोबर काहीतरी तोंडात सोडलं आणि दाताखाली धरलं.

मी हे हिरामावशींना सांगितलं. त्या वाडीवरून रानभाजी घेऊन यायच्या. पहिला दिवा त्यांच्याच घरात लागायचा होता, त्यामुळे रोज विचारायच्या, "झाला का?" मला वाटलं, आता त्या भडकतील.

त्या भाजीची जुडी सोडत म्हणाल्या, "वाटलंच मला. मामी गेल्यापासून ह्यो मानूस हुभ्यानं वडापाव खायाचा. तू आलास नि हितं भात शिजाया लागला. दिवा व्हईल. मानूस जेवतोय ना, जेवू दे."

माझा गोंधळ इथे संपायला हवा होता, तो उलट वाढला. सही हवी होती, मावशींना दिवा हवा होता, आणि मामांचा राग यायच्या ऐवजी मला भरून येत होतं. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ इमानदारीत दिव्याखालीच निवडला आणि ताटावर बसताच विचारलं, "मामा, ट्रेनिंग संपल्यावर दर शनिवारी जेवायला आलो तर चालेल का?"

मामांचा हात खिशापर्यंत गेला होता, तो तिथूनच परत आला. त्यांनी घास सावकाश, खूप वेळ चावला.

"पास," म्हणाले. हात धुऊन सही केली आणि कागद देता देता विचारलं, "शनिवारी मेथी करू?"

हिरामावशींच्या घरी दिवा लागला. मी दोन शनिवार गेलो. मग परीक्षेची गडबड, पाठोपाठ पुण्याची नोकरी. तिसऱ्या शनिवारी येत नाही, एवढं कळवायचंही माझ्याकडून राहून गेलं. मामांनी त्या दिवशी दोघांचा भात टाकला असणार आणि माझी वाट बघत जेवायचे थांबले असणार. त्याची मला अजून लाज वाटते.